नगरसेवकाची रोजनिशी लिहायचं काम घेताय? मग हे वाचा

लोकप्रतिनिधीनं आपलं रोजचं काम जाहीरपणे लिहावं का? माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. ठाण्यात एका नगरसेविकेच्या संपर्क कार्यालयात बसून मी हेच काम करते. दिवसभरात काय झालं ते ताई संध्याकाळी सांगतात, मी लिहिते, त्या वाचतात, मग ते लोकांसमोर जातं. गेल्या काही महिन्यांत पत्रकारिता शिकलेली बरीच मुलंमुली ‘असं काम मिळतंय, घेऊ का?’ म्हणून विचारतात. घ्या. पण त्याआधी काही गोष्टी नीट ऐका.

हे काम आपल्याकडे का हवं, ते आधी सांगते. नवी मुंबई महापालिकेवर मे २०२० पासून आणि ठाण्यावर मार्च २०२२ पासून प्रशासक, म्हणजे सरकारनं नेमलेले अधिकारी, कारभार पाहत होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महासभा (सगळ्या नगरसेवकांची सभा) नाही, स्थायी समिती (खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची समिती) नाही. या काळात निर्णय होत होते, रस्ते खोदले जात होते, करांची बिलं येत होती. फक्त सभागृहात उभं राहून ‘हे कशासाठी?’ असं विचारणारं कुणी निवडून आलेलं नव्हतं. आता ठाण्यात ३३ प्रभागांत १३१ आणि नवी मुंबईत २८ प्रभागांत १११ नगरसेवक आहेत. दोन्हीकडे एकेक प्रभाग सोडला तर बाकी सगळे चार-चार जणांचे. नवी मुंबईकरांनी २०१५ मध्ये एका वॉर्डाला एक नगरसेवक निवडून दिला होता. आता चौघांपैकी कुणाला गाठायचं, हा नेरूळ-ऐरोलीतल्या माणसाचा खरा प्रश्न आहे. कोण प्रभाग समितीच्या (आसपासच्या काही प्रभागांच्या नगरसेवकांची समिती) बैठकीला गेलं, कुणी पत्र दिलं, कोण सभागृहात बोललं, हे रोज लिहिलेलं सापडलं तर तो प्रश्न सुटतो. चौघांनीही लिहावं. एकाच गटाराच्या झाकणाचं श्रेय चौघांनी घेतलं तरी चालेल, झाकण बसल्याची तारीख तर चार ठिकाणी लागेल.

कामाचे टप्पे तुम्हाला ठाऊक आहेत असं धरते: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश), मग प्रत्यक्ष काम. रोजच्या नोंदीत आज आपण नेमके कुठल्या टप्प्यावर आहोत ते लिहा. पत्र दिलं असेल तर आवक क्रमांक, म्हणजे पत्र घेताना खातं त्यावर टाकतं तो नंबर, लिहा. ‘पाठपुरावा सुरू आहे’ हे वाक्य माझ्या कार्यालयात मी बंद केलंय.

काम कुणाच्या अखत्यारीतलं आहे हे तपासल्याशिवाय एक ओळही लिहू नका. घोडबंदर रोडवरचा खड्डा मुख्य रस्त्यावर आहे की सेवा रस्त्यावर, मेट्रो ४ च्या कामाच्या पट्ट्यात आहे का, यावर पत्र कुणाला जाणार ते ठरतं. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे, नवी मुंबई महापालिकेकडे नाही. ठाण्याचं पाणी तर चार ठिकाणांहून येतं: पालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आणि मुंबई महापालिका. ‘उद्या पाणी नाही’ एवढंच लिहिलंत तर निम्मं शहर उगाच पिंप भरत बसेल. हे सगळं महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं, घाबरू नका.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. यात मी अडकले होते, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्या भागात चढावर एक वस्ती आहे. तिथल्या एका मावशींनी पहाटे ताईंना फोन केला: वरच्या घरांना पाणी चढत नाही, खाली कुणीतरी पाणी ओढायला लाइनला थेट मोटर लावलीय. ताई सकाळीच गेल्या, पाणी खात्याच्या माणसांना बोलावलं, मोटारी सापडल्या, जप्त झाल्या. संध्याकाळी नोंद गेली, ती अशी: पाणी सुटण्याच्या वेळी एका भगिनीचा फोन आला, लगेच पाहणी केली, मोटारी काढल्या. मावशींचं नाव नव्हतं, घर नव्हतं, गल्लीसुद्धा नव्हती. कार्यालयातल्या आम्ही तिघांनी वाचून पाहिलं होतं.

पण त्या वेळी जागं असणारं, पाण्याची सगळ्यात जास्त अडचण असणारं आणि ताईंचा नंबर जवळ असणारं घर त्या गल्लीत एकच होतं. रात्री मावशींच्या दारात माणसं जमली. शिवीगाळ झाली. नंतर कित्येक दिवस त्यांच्या मुलीशी शेजारचं कुणी बोलत नव्हतं. मावशी कार्यालयात आल्या आणि ताईंना एवढंच म्हणाल्या, ‘मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.’

म्हणून सांगते, नाव गाळलं की माणूस लपला, असं समजू नका. तुमची नोंद हजारो लोक वाचतात, पण धोका असतो तो ओळखणाऱ्या चार घरांकडून. ती चार घरं नाव वाचत नाहीत. ती वेळ बघतात, क्रम बघतात: आधी फोन, मग पाहणी, मग कारवाई. फोटोत मागे दिसणारी भिंत बघतात, टेबलावरचं रेशन कार्ड बघतात, बाकावर वाट बघत बसलेल्या बाईची साडीसुद्धा ओळखतात. अनधिकृत बांधकामाच्या तक्रारीत तर हे जिवावर बेतू शकतं. माहितीचा अधिकार कायदा, २००५ सगळं उघड करायला निघालेला कायदा. त्याच्याही कलम ८ मध्ये, ज्यामुळे कुणाच्या जिवाला धोका होईल किंवा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासानं माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल, ती माहिती न देण्याची मुभा आहे. मग आपल्या रोजनिशीनं किती जपायला हवं!

आम्ही आता काय करतो ते सांगते. तक्रार आणि कारवाई एका नोंदीत एकत्र येऊ देत नाही. एकट्यादुकट्या घराची तक्रार असेल तर ती कुणाकडून, कधी, कशी आली हे लिहितच नाही. कारवाई झाल्यावर, मध्ये काही दिवस जाऊ देऊन, खात्यानं काय केलं तेवढं लिहितो. आणि मुख्य म्हणजे ताई आता पाणी खात्याला एका गल्लीची पाहणी सांगत नाहीत, त्या जलवाहिनीवरच्या सगळ्या गल्ल्यांची सांगतात. त्यामुळे खोटं न लिहिता माणूस झाकला जातो, वर कामही जास्त होतं. पूर्ण इमारतीची किंवा सोसायटीची तक्रार लेटरहेडवर आली असेल तर खुशाल लिहा, तिथे ही अडचण नाही.

‘लिहू का?’ असं विचारलं की झालं, असंही मानू नका. नगरसेविकेसमोर बसलेला माणूस, ज्याचं काम अजून व्हायचंय, तो ‘नाही’ म्हणेलच कसा? ती परवानगी धरू नका. काम उरकल्यानंतर, ताई समोर नसताना, फोन करून विचारा, आणि नको म्हटलं तर कामावर काही परिणाम होणार नाही हे आधी सांगा. रुग्णाला उपचारासाठी मदत मिळवून दिल्याचे फोटो मी कुठल्याही परवानगीनं टाकत नाही. पलंगावरचा माणूस, हातात पत्र, शेजारी हसरे पदाधिकारी. हे बघून मला आजही संताप येतो. किती अर्ज पाठवले, किती मंजूर झाले, कुठली कागदपत्रं लागली ते लिहा. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

हे वाचून कुणाला वाटेल, मग न लिहिलेलंच बरं. नाही. मावशींच्या प्रकारानंतर ताईही तेच म्हणत होत्या. पण प्रभागातल्या बायका त्या नोंदी वाचून स्वतः आवक क्रमांक मागायला लागल्या होत्या, ‘कार्यादेश निघाला का?’ असं विचारायला लागल्या होत्या. ते थांबवणं मला पटेना. शेवटी ताईंनाही पटेना.

अधिकाऱ्यांची नावंही जपून. सहाय्यक आयुक्तांनी बैठकीत दिलेलं आश्वासन पदासकट लिहा, ते जबाबदार पद आहे. कनिष्ठ अभियंत्यानं जिन्यात उभं राहून सांगितलेली खरी अडचण लिहाल, तर उद्यापासून तो तुमच्याशी बोलणार नाही. मग तुम्हाला फाइल कुठे अडकलीय ते कळणारच नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. जयंती-पुण्यतिथीची चित्रं महिन्याच्या ठरावीक पैशांत बनवून देणाऱ्या एजन्सीकडे ही रोजनिशी देऊ नका. त्यांना प्रभाग समिती आणि स्थायी समिती यांतला फरक ठाऊक नसतो. एआयकडून लिहून घेऊ नका, त्याला तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता सुटतं ते माहीत नाही. डिजिटल मार्केटिंगच्या वर्गाला पैसे भरण्याआधी पालिकेतून निवृत्त झालेला एखादा लिपिक गाठा. महासभेची विषयपत्रिका कशी वाचायची, कुठल्या प्रस्तावात पैसा दडलेला असतो, गोषवारा (प्रस्तावाचा सारांश) कुठे संपतो आणि खरा प्रस्ताव कुठे सुरू होतो, हे मला अशाच एका काकांनी चहाच्या टपरीवर शिकवलं. त्यांच्याकडे स्मार्टफोनही नव्हता.

सुरुवातीला कुणी वाचत नाही. विरोधी पक्षाचे कार्यकर्ते वाचतात आणि चुका काढतात, त्यांचे आभार माना, ते फुकट तपासून देतात. एखाद्या दिवशी काहीच घडलं नाही तर ‘आज महापालिकेचं काही काम झालं नाही’ असं लिहायला ताईंना राजी करा. त्या एका ओळीनं आमच्यावरचा विश्वास जेवढा वाढला, तेवढा कुठल्या भूमिपूजनाच्या फोटोनं वाढला नाही.

आचारसंहिता लागली की नव्या कामाच्या घोषणा बंद, याबाबत शंका आली तर सरळ निवडणूक कार्यालयात लेखी विचारा, पक्षाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नका.

आणि पहिल्याच दिवशी, पगार ठरवताना, एक गोष्ट कागदावर घ्या: खातं कुणाच्या नावावर, पासवर्ड कुणाकडे, आणि मुदत संपल्यावर किंवा पक्ष बदलल्यावर जुन्या नोंदी काढायच्या नाहीत. महासभेचं इतिवृत्त पालिकेच्या दप्तरात राहतं. ही रोजनिशी कुणाच्याच दप्तरात नसते. आमच्या करारात, कुणाची ओळख झाकण्यासाठी केलेली दुरुस्ती सोडली तर, जुनी नोंद बदलायची झाली तर खाली तारखेसह कारण लिहायचं, असं कलम आहे. ताईंनी त्यावर सही केल्यावरच मी कामाला लागले.