डीएसपीचं पुस्तक उघडण्याआधी

डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग (डीएसपी), म्हणजे आवाजासारखे सिग्नल आकड्यांत उतरवून त्यांवर हिशेब करणं, पुस्तकातून शिकायचं असेल तर आधी संमिश्र संख्या पक्क्या करा. ऑयलरच्या सूत्रावरून कोसाइन म्हणजे उलटसुलट फिरणाऱ्या दोन बाणांची बेरीज कशी होते, हे न बघता मांडता आलं की फूरिए ट्रान्सफॉर्मची (सिग्नलमध्ये कोणत्या फ्रिक्वेन्सी किती आहेत ते काढण्याची) निम्मी धास्ती जाते. भूमिती श्रेढीची बेरीजही तोंडपाठ हवी, कारण झेड-ट्रान्सफॉर्ममध्ये, म्हणजे आकड्यांची ओळ z च्या घातांच्या बेरजेत मांडण्यात, ती पानोपानी येते. इंटिग्रेशन सुरुवातीला फारसं लागत नाही.

पुस्तकं दोन घ्या: एक उलगडून सांगणारं, दुसरं सिद्धतांचं. आणि दोन्हींची चिन्हं जुळतात का, हे पहिल्याच दिवशी तपासून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. फिल्टर, म्हणजे सिग्नलमधलं काही राखून काही दाबणारा हिशेब, मागचं आउटपुट पुन्हा आत घेतो तेव्हा त्या फीडबॅकचे गुणक काही पुस्तकं अधिक चिन्हाने लिहितात, काही उणे. मागच्या आउटपुटची ०.९ पट आणि नव्या इनपुटची ०.१ पट मिळवली की सिग्नल गुळगुळीत होतो. तेच ०.९ उणे झालं की फिल्टर संथ बदल दाबतो आणि झपाट्याने वरखाली होणारं तेवढं राखतो. या एका चिन्हापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये आहे की रेडियनमध्ये, हेही नोंदवा; रेडियनवाल्या पुस्तकात पाय (π) म्हणजे सॅम्पलिंग रेटचा, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या सॅम्पलच्या संख्येचा, निम्मा.

कन्व्हॉल्यूशन आधी पेन्सिलीनेच करा. १, २, ३ आणि १, १ घ्या, एक ओळ उलटी करून दुसरीखालून सरकवा आणि दर पावलाला वरखालच्या आकड्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज घ्या. १, ३, ५, ३ आलं पाहिजे. असे पाचसहा हिशेब झाल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावू नका.

मग पायथन आणि हेडफोन. सेकंदाला ८००० सॅम्पल घेऊन ७००० हर्ट्झचा सूर तयार करा आणि ऐका: कानावर १००० हर्ट्झ पडतो. एलियासिंगचं, म्हणजे वरचा सूर असा खालचा होऊन ऐकू येण्याचं, प्रकरण यानंतर वाचलंत तर प्रत्येक ओळ पटत जाते. ते दोनदा वाचा.

कूली आणि टुकी यांचा १९६५चा एफएफटी, म्हणजे डीएफटी (मोजक्या बिंदूंचा फूरिए ट्रान्सफॉर्म) झटपट काढायची रीत, थोडा पुढे ढकला. १०२४ बिंदूंसाठी दहा लाखांवर गुणाकार ५१२० वर येतात खरे, पण आधी आठच बिंदूंचा डीएफटी साध्या लूपने लिहा. आठ बिंदूंत एक आवर्तन पुरं करणारा कोसाइन दिला तर, शून्यापासून मोजत, पहिल्या आणि सातव्या जागी ४ येतात, बाकी शून्य. तिथे ०.५ दिसलं तर घाबरू नका. तुमच्या पुस्तकाने ट्रान्सफॉर्मलाच बिंदूंच्या संख्येने भागलेलं असतं. तेही पहिल्या पानावर लिहून ठेवा.