पोर्तुगीज ‘लाल’ : या चुका टाळा

स्पॅनिश येतं, म्हणजे पोर्तुगीज आपोआप येईल अशा भरवशावर असलेली मंडळी पहिली ठेच रंगांत खातात. वह्या बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात जास्त छळतो तो ‘रोशु’. स्पॅनिश ‘रोखो’ म्हणजे लाल. पोर्तुगीज ‘रोशु’ त्याचा सख्खा भाऊ, दोघंही लॅटिन ‘रुस्सेउस’चे, पण आजचा रोशु जांभळा. हे एकदा कळलं की उत्साही विद्यार्थी उलट्या बाजूला घसरतात. एकाला जुन्या दर्यावर्दी नोंदींतला उतारा अनुवादाला दिला होता. त्याने ‘मार रोशु’चा ‘जांभळा समुद्र’ केला आणि वर तळटीप जोडली: संध्याकाळच्या उजेडात पाणी असं दिसतं! अहो, तो तांबडा समुद्र. १५४१ च्या मोहिमेत पोर्तुगीज दर्यावर्दी जुवांव द काश्त्रु गोव्याच्या आरमाराबरोबर सुएझपर्यंत गेला. त्या सफरीचं त्याचं टिपण ‘मार रोशु’च्याच नावाने ओळखलं जातं. तेव्हा रोशु लालही होता. मी आधी मजकुराचं साल शब्दाशेजारी लिहितो, मगच कोश उघडतो. मोबाइलवर अर्थ बघून पुढे पळणाऱ्यांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

आज लालसाठी शब्द ‘व्हर्मेल्यु’. मूळ लॅटिन ‘व्हेर्मिकुलुस’, छोटी अळी. भूमध्य सागराकाठच्या ओकच्या झाडांवरच्या किड्यांपासून लाल रंग काढायचे, म्हणून. इथे मराठी माणसाला हटकून कृमी आठवतो आणि व्हेर्मिकुलुसच्या मुळाशी असलेल्या ‘व्हेर्मिस’ला, म्हणजे लॅटिन अळीला, कृमीचा भाऊ ठरवून तो मोकळा होतो. अर्थ एक, शेपूट सारखं, पण सुरुवातीचे ‘क’ आणि ‘व’ जुळत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ सहसा हे दोन वेगळे शब्द धरतात. कृमीचं गोत फारसी ‘किर्म’शी. तिथून अरबी ‘किर्मिझ’, पुढे पोर्तुगीज ‘कार्मेझीं’, आणि इकडे आपला किरमिजी. यमक जुळलं की नातं जुळलं, ही घाई मला सोसत नाही.

मेक्सिकोतला निवडुंगावरचा, लाल रंग देणारा किडा या गोष्टीत घुसवू नका. तो युरोपात पोचला सोळाव्या शतकात. व्हर्मेल्यु त्याच्या कितीतरी आधीचा.

‘एंकार्नादु’ म्हणजेही लाल, पण तो कार्मेझींचा कुणी नव्हे. तो ‘कार्न’वरून, म्हणजे मांसावरून आला. लिस्बनच्या बेन्फिका क्लबचे खेळाडू लाल शर्टामुळे ‘एंकार्नादुश’.

आणि फ्रेंच दागिन्यांच्या वर्णनात व्हर्मेल्युचा भाऊ ‘व्हेर्मेय’ आला तर तिथे लाल चांदी लिहू नका. ती सोन्याचा मुलामा दिलेली चांदी असते.