स्टेपनीपासून सुरुवात करा

जुन्या गाडीची चाकं रंगवायची असतील तर पहिलं चाक डिकीतलं काढा. बाबांनी १९९४ साली घेतलेल्या मारुती ८०० ची पाचही चाकं मी त्रिमूर्तीनगरच्या आमच्या अंगणात अशीच केली. स्टेपनी रंगवायची, ती पूर्ण वाळली की गाडीला चढवायची आणि निघालेलं चाक कामाला घ्यायचं. गाडी एक दिवसही अडून राहत नाही. शेवटी स्टेपनी पुन्हा डिकीत ठेवली की हात बसण्याआधी झालेल्या चुकाही तिच्यासोबत डिकीत जातात.

नागपुरात हे काम थंडीतच करा. मी पहिल्यांदा मे महिन्यात बसले. पारा ४५ ला टेकलेला. फवारा पत्र्यावर पोचायच्या आतच सुकायचा आणि रिम हाताला रव्यासारखी खरखरीत लागायची. जुलैत पुन्हा केलं, तर दमट हवेनं रंगावर पांढरट झाक आली. दोन्ही वेळा सगळं खरवडावं लागलं. डिसेंबरात सकाळी अकराच्या सुमारास, दव पार उडाल्यावर, वारा नसताना केलं तेव्हा कुठे रंग आरशासारखा बसला.

चाक काढताना नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, हँडब्रेक ओढा, उरलेल्या चाकांना विटा लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

टायर पंक्चरवाल्याकडून उतरवून घ्या. टायरवर कागद चिकटवून रंगवता येतं, पण खरा गंज टायरच्या आत, काठाला असतो. आमचे पंक्चरवाले भाऊ म्हणाले, "ताई, रिम आतून पाहा नं, बाहेरून तर सगळ्याच बऱ्या दिसतात." खरंच आत पापुद्रे सुटले होते, आणि आमची ट्यूब वारंवार का जायची ते तेव्हा कळलं. नटाच्या भोकांजवळ तडा दिसला किंवा भोक लांबट झालेलं असलं तर ती रिम भंगारात द्या. तिच्यावर रंग चढवणं म्हणजे स्वतःच्याच माणसांना फसवणं आहे.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण रंग टिकतो तो याच कामावर. ग्रीस रॉकेलनं काढा, मग साबणाच्या पाण्यानं धुऊन खडखडीत वाळवा. सुटा गंज तारेच्या ब्रशनं, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १२० आणि २२०. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून जिथे जुना रंग आहे तिथे वॉटर पेपर ओला करून घासा. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. खोल खड्ड्यांतला गंज घासून निघत नाही. तिथे फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, जागा काळी पडते. एका रिमला माझी पूर्ण सकाळ गेली. सामान इतवारीच्या बाजारात एकाच फेरीत मिळालं.

प्रायमरआधी प्रत्येक भोकात जुना नट बसवून ठेवा. नट ज्या उतारावर टेकतो तिथे आणि रिम हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, चिकटते तिथे रंगाचा जाड थर नको. तो दबतो, झिजतो आणि नट सैल पडतात. मग प्रायमर, चांदी रंग, शेवटी क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. प्रत्येकाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. स्प्रेचा डबा वीत-सव्वा वीत लांब धरा, आणि फवारा रिमच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, नाहीतर ओघळ येतो. ओघळ आलाच तर बोट लावू नका, वाळू द्या, ४०० च्या पेपरनं उतरवा.

आठवडाभर थांबून मगच टायर चढवा. मी रिम दुसऱ्या दिवशीच टायर चढवायला दिली होती. पहारीनं कड सोलून निघाली. आता पहारीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवायला सांगते. नट समोरासमोरचे, आलटूनपालटून आवळा. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आवळा.

चाकं चमकली की बाकीची गाडी डोळ्यात खुपायला लागते. आधी दारांच्या खालच्या कडेची पाणी निचरायची भोकं तारेनं मोकळी करा. ती धुळीनं बुजली की पावसाचं पाणी दारात साठतं आणि पत्रा आतून कुजतो. दाराला रंग मारण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम मोलाचं आहे. बॉडीचा रंग बदलायचा मनात असेल तर आरसीवर नोंद करावी लागते. चाकांना तसलं बंधन नाही.

उन्हानं राखाडी पडलेल्या बंपरला आपल्या विदर्भातलं जवस कामी येतं. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल मागा. धुऊन वाळवलेल्या बंपरवर चिंधीनं पातळ चोळा, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसून घ्या. काळा रंग परत येतो, आमचा काही महिने टिकला. पण ती तेलाची चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून, उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.