शांत संगणकासाठी पहिला वॉटर-कूलिंग लूप: खरेदीआधीचा आराखडा

लूप म्हणजे पंपाने पाणी फिरवणारी बंद साखळी: चिपवरचा ब्लॉक (आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) उष्णता घेतो आणि रेडिएटर (पातळ पत्र्यांची जाळी, जिच्यावर पंखे बसतात) ती हवेत सोडतो. वॉटर-कूलिंगमध्ये आवाज कमी होतो तो रेडिएटरच्या क्षेत्रफळामुळे. चिपजवळची उष्णता उचलून जिथे पुष्कळ पंखे सावकाश फिरत असतील तिथे नेऊन सोडायची, एवढेच पाण्याचे काम. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच घटते. त्यामुळे तीन पंखे जोरात पळवण्याऐवजी सहा पंखे निम्म्या वेगाने फिरवले तर हवा तेवढीच वाहते. संख्या दुप्पट झाल्याने ३ डेसिबल परत वाढतात, तरी १२ उतरलेलेच राहतात, आणि हा फरक कानाला सहज कळतो. आराखडा या हिशेबावर उभा करा. नळीचा रंग आणि दिवे नंतर बघता येतील.

फक्त प्रोसेसरसाठी लूप करायचा विचार असेल तर आधी थांबा. आजच्या प्रोसेसरची चिप इतकी लहान असते की उष्णता चिपमधून बाहेर पडतानाच अडते. तिथे चांगला दुहेरी टॉवरचा एअर कूलर जवळजवळ तेवढेच काम करतो आणि त्याला पंपही लागत नाही. खरा गोंगाट ग्राफिक्स कार्डाचा असतो. ३०० वॉट उष्णता आणि ती हाकलायला छोटे, वेगाने फिरणारे पंखे. कार्ड लूपमध्ये घेतले तरच खर्चाचे चीज होते. मात्र कार्डाचा ब्लॉक त्याच नेमक्या मॉडेलच्या सर्किट बोर्डसाठी बनलेला हवा. चिप तीच असूनही कंपनी बदलली की बोर्डाची मांडणी बदलते. बाकी काहीही मागवण्याआधी आपल्या कार्डाला ब्लॉक मिळतो का, हे तपासा.

रेडिएटर किती लागेल

ढोबळ हिशेब असा: साधारण ३० मिमी जाडीच्या रेडिएटरचा १२० मिमीचा एक भाग, पंखा ७०० ते ८०० आरपीएमवर असताना, पाणी खोलीपेक्षा १० अंश गरम असेल तर सुमारे ६० वॉट बाहेर टाकतो. प्रोसेसर १०० आणि कार्ड ३०० धरले तर ४०० वॉट झाले. एकच ३६० मिमीचा रेडिएटर म्हणजे तीन भाग, १८० वॉट. मग पाणी खोलीपेक्षा २२ अंशांनी वर जाईल. खोली २८ अंशांवर असेल तर पाणी ५० अंशांवर. ते खाली आणायला पंखे जोरात फिरवावे लागतील, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचे जाईल. दोन ३६० लावले तर फरक ११ अंशांवर येतो, पाणी ३९ वर राहते. नियोजनात १० ते १२ अंशांचा फरक धरावा. पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही, हेही लक्षात असू द्या.

दोन पातळ रेडिएटर एका जाड रेडिएटरपेक्षा बरे, कारण सावकाश फिरणारा पंखा ६० मिमी जाडीतून हवा ओढू शकत नाही. पत्र्यांची दाटी कमी असलेला रेडिएटर निवडा. दाट पत्र्यांचे रेडिएटर वेगवान पंख्यांसाठी असतात. १४० मिमीचे पंखे बसत असतील तर ४२० चा रेडिएटर ३६० पेक्षा क्षेत्रफळाने ३६ टक्के मोठा पडतो. २८० चा मात्र ३६० च्या ९० टक्केच भरतो.

आता टेप घेऊन कॅबिनेट मोजा. '३६०' हा आकडा पंख्यांचा आहे. रेडिएटरची लांबी दोन्ही टोकांच्या टाक्यांसकट ४०० मिमीपर्यंत जाते. ३० मिमी रेडिएटर आणि २५ मिमी पंखा मिळून ५५ मिमी जाडी होते. वरच्या बाजूला बसवताना ही जाडी रॅमला किंवा मदरबोर्डाच्या हीटसिंकला अडते, आणि समोर बसवताना ग्राफिक्स कार्डाच्या टोकाला. फिटिंग (नळी भागाला जोडणारे तोंड) आणि नळीचे वळण यांनाही जागा सोडा. कॅबिनेटचा पुढचा भाग बंद काचेचा असेल तर तिथला रेडिएटर अर्धा वायाच गेला समजा.

पंप आणि क्रम

शांततेसाठी डी५ जातीचा, पीडब्ल्यूएम नियंत्रणाचा (मदरबोर्डवरून वेग बदलता येणारा) पंप घ्या. डीडीसी जातीचा पंप आकाराने लहान आणि दाब जास्त देणारा असतो, पण तो तापतो आणि त्याचा सूर जास्त टोचतो. डी५ पूर्ण वेगाने चालवायची गरज नसते. मिनिटाला ३ ते ४ लिटर प्रवाह पुरेसा, त्यापुढे तापमानात फारसा फरक पडत नाही. वेग एकच ठेवा, कारण सतत चढउतार होणारा आवाज कानाला जास्त खटकतो. पंप थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर कसला की सगळे कॅबिनेट घुमते, म्हणून खाली रबराचे किंवा फोमचे पॅड हवेच. पंपाची वेग सांगणारी तार मदरबोर्डवरच्या प्रोसेसर-फॅनच्या हेडरवर (पिनांच्या जोडणीवर) लावा आणि बायोसमधली पंखा बंद पडल्याची सूचना चालू ठेवा. पंप थांबला तर लगेच कळेल.

आधी कार्ड की आधी प्रोसेसर, या चर्चेत वेळ घालवू नका. मिनिटाला ४ लिटर पाणी वाहत असेल तर ४०० वॉट घेऊनही पूर्ण फेरीत ते जेमतेम दीड अंश तापते. क्रमाची अट एकच: रिझर्व्हायर (पाण्याची छोटी टाकी) पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा उंचावर. डी५ च्या बेअरिंगला वंगण म्हणून पाणीच लागते. काही सेकंद कोरडा फिरला तरी तो खराब होऊ शकतो. बाकी जोडण्या नळी सगळ्यात कमी वळेल अशा करा. प्रोसेसरच्या ब्लॉकवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेले असेल तर ते मात्र पाळा.

नळ्या, फिटिंग, धातू

पहिल्या लूपला मऊ नळीच. कडक नळी वाकवायला हात बसावा लागतो आणि एक भाग बदलला की ती पुन्हा कापावी लागते. १०/१६ मिमीची (आतला/बाहेरचा व्यास) ईपीडीएम रबराची काळी नळी सर्वात निर्धास्त. पारदर्शक पीव्हीसी नळीतून प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारे रसायन) सुटतो, नळी धुरकट होते आणि ब्लॉकच्या बारीक खाचांत चिकट थर बसतो. दोन ते तीन मीटर नळी पुरते.

फिटिंग मोजून घ्या. प्रोसेसर, कार्ड, दोन रेडिएटर, रिझर्व्हायरसह पंप: पाच भाग, प्रत्येकी दोन, म्हणजे दहा. त्याशिवाय ९० अंशांची दोन-तीन फिरती, आणि सर्वात खालच्या जागी टी-जोड व बॉल व्हॉल्व्ह. हा निचऱ्याचा व्हॉल्व्ह बहुतेकजण खर्च वाचवायला गाळतात, आणि मग पहिल्याच दुरुस्तीला कॅबिनेट आडवे करून पाणी ओतावे लागते. आटे जवळपास सगळीकडे जी१/४ या एकाच मापाचे असतात, पण १०/१३ चे फिटिंग १०/१६ च्या नळीवर बसत नाही. गळती ओ-रिंग (फिटिंगमधले रबरी कडे) थांबवते, आटे नाहीत. म्हणून टेफ्लॉन टेप नको आणि हाताने कसणे पुरे. पाना लावला की अॅक्रिलिकला तडा जातो.

लूपमध्ये तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा चालतो. अॅल्युमिनियमचा एकही भाग नको: तांब्यासोबत तेच आधी गंजते आणि त्याचा गाळ ब्लॉकमध्ये अडकतो. कूलंट (लूपमध्ये पाणी म्हणून भरायचे द्रव) तयार आणि पारदर्शक घ्या, गंजरोधक व जंतुरोधक घातलेले. नळाच्या पाण्यातले क्षार थर धरतात, आणि चमकदार कणांची रंगीत कूलंटे साचून वाहणे अडवतात. लूपला साधारण एक लिटर लागते. दोन आणून ठेवा.

जोडणी

नव्या रेडिएटरमध्ये डाखाचा मळ असतो. गरम डिस्टिल्ड पाणी अर्धे भरून जोरात हलवा, पांढऱ्या भांड्यात ओता. कण दिसेनासे होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. पंखे कसताना स्क्रूची लांबी तपासा. २५ मिमीच्या पंख्याला सहसा ३० मिमीचा स्क्रू लागतो. त्याहून लांब स्क्रू थेट पाण्याच्या नळीत घुसतो आणि रेडिएटर कायमचा जातो.

पाणी भरण्याआधी हवेच्या दाबाची चाचणी घ्या. रिझर्व्हायरच्या निर्मात्याने दिलेली मर्यादा पाळून अर्ध्या बारपर्यंत दाब द्या आणि अर्धा तास दाबमापकाचा काटा बघा. काटा उतरला तर एकेक जोड पुन्हा कसा. मग मदरबोर्ड आणि कार्डाच्या पॉवर केबल काढा. पॉवर सप्लाय बंद असताना २४ पिनच्या केबलला जंपर प्लग (मदरबोर्डाशिवाय पॉवर सप्लाय चालू करू देणारा) लावा, म्हणजे फक्त पंप चालेल. रिझर्व्हायर भरा, पंप दोन-तीन सेकंद चालवा, पातळी उतरली की लगेच बंद करा, पुन्हा भरा. प्रवाह सलग झाला की प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून काही तास चालू द्या. कॅबिनेट हळूहळू सगळ्या बाजूंनी कलवा. रेडिएटरच्या वरच्या टाकीत अडकलेले बुडबुडे तेव्हाच सुटतात. पहिल्या दिवसांत पंपातून खळखळ आली तर ती उरलेली हवा आहे.

शेवटी पंख्यांची सेटिंग. ती प्रोसेसरच्या तापमानावर बांधली तर प्रोग्रॅम उघडला की पंखे उसळतील. पाण्यात १० किलोओहमचा तापमान सेन्सर बसवून मदरबोर्डच्या दोन पिनांच्या हेडरवर लावा. पाणी सावकाश तापते, म्हणून पंखेही सावकाश चढतात. सुरुवातीला ३२ अंशांपर्यंत ५०० आरपीएम आणि ४२ अंशांना ९०० ठेवा, मग आपल्या खोलीप्रमाणे जुळवा. ५० अंशांना पूर्ण वेग. डी५ ची मर्यादा ६० अंश आहे. वेग शंभर-शंभरने वाढवत कान द्या: एखाद्या टप्प्यावर पंखे आणि पत्रा एकत्र घुमतात, तो टप्पा वगळा.

वर्षभराने व्हॉल्व्ह उघडून थोडे कूलंट पांढऱ्या पेल्यात घ्या. गढूळ किंवा हिरवट दिसले, तर पूर्ण निचरा करून ब्लॉक उघडा आणि मऊ ब्रशने खाचा साफ करा.