अमूर्त चित्र भेट देताय? या चुका टाळा

प्रदर्शनात चित्रं भिंतीवर चढवणं, उतरवणं, बांधणं आणि ज्याची त्याच्याकडे पोचवणं हे काम मी बरीच वर्षं करते आहे. कुणी जिवाभावाच्या माणसासाठी मूळ अमूर्त चित्र घ्यायला आलं की मला फार आनंद होतो. त्या आनंदावर विरजण पडतं ते ठरावीक चुकांमुळे, आणि जवळजवळ प्रत्येक चुकीच्या मुळाशी घाई असते.

सगळ्यात जास्त नुकसान मी पाहिलंय ते बबल रॅपनं केलेलं. एका चित्रकर्तीचं मोठं ॲक्रिलिक चित्र होतं, गडद निळ्याचे एकावर एक सपाट थर. एका गृहस्थांनी ते बहिणीसाठी घेतलं. प्रदर्शन उतरवायच्या संध्याकाळी मी म्हणाले, अर्धा तास थांबा, नीट बांधून देते. त्यांना धीर नव्हता. कोपऱ्यातला बबल रॅपचा रोल त्यांनी स्वतःच उचलला, फुगे आतल्या बाजूला ठेवून चित्राला तीन वेढे दिले, वरून चिकटपट्टी ताणून लावली आणि निघाले. चित्र दोन दिवस बंद गाडीत, उन्हात राहिलं. बहिणीनं उघडलं तेव्हा निळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोल गोल ठसे होते, आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकबरोबर रंगाचा पापुद्राच निघून आला. चित्र परत चित्रकर्तीकडे आलं. ती बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहिली आणि म्हणाली, यावर आता हात फिरवला तर ते दुसरंच चित्र होईल. तिचं बरोबर होतं. सपाट रंगातला एक तुकडा दुरुस्त केला की तो वेगळा दिसतोच.

ॲक्रिलिक हाताला कोरडं लागलं तरी शेवटी ते प्लास्टिकच्या जातीचं. ऊब लागली की मऊ पडतं, आणि वर दाब असला की ठसा धरतं. तैलरंगाची गोष्ट वेगळी. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, त्याला वेळ लागतो. म्हणून तर शेवटचं वॉर्निश लावण्याआधी 6 ते 12 महिने थांबायची जुनी रीत आहे. तेव्हा चित्र घेताना चित्रकाराला पहिला प्रश्न विचारा, रंगवून किती दिवस झाले? मी स्वतः चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे टोपडे चढवते, म्हणजे रंगाला काही टेकतच नाही. टेकणारच असेल तर सिलिकॉनचा थर असलेला कागद, त्यावर सपाट पुठ्ठा, आणि बबल रॅप सगळ्यात बाहेर, फुगे बाहेरच्या बाजूला. याहून लवकर होणारी कुठलीही युक्ती मला सांगू नका.

दुसरी चूक, चित्राची वरची बाजू कोणती हे न सांगता चित्र देणं. यावर लोक हसतात, पण हे मोठमोठ्या संग्रहालयांत घडलंय. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 1961 साली फ्रेंच चित्रकार मातीसचं ‘ल बातो’ 47 दिवस उलटं टांगलेलं होतं. चूक लक्षात आली ती प्रदर्शन पाहायला आलेल्या एका बाईंच्या. डच चित्रकार मोंद्रियानचं चिकटपट्ट्यांनी केलेलं 1941 चं ‘न्यूयॉर्क सिटी 1’ तर अनेक दशकं उलटंच लागलं होतं, असं 2022 मध्ये जर्मनीतल्या संग्रहालयाच्या अभ्यासकांनी सांगितलं. त्यांच्या हाती लागलेला एक मोठा पुरावा म्हणजे मोंद्रियानच्या स्टुडिओतला 1944 चा फोटो. तेच चित्र त्यात, संग्रहालयात लागतं त्याच्या उलट्या बाजूनं उभं दिसतं. आता सरळ करू गेलं तर जुन्या पट्ट्या सुटतील, म्हणून ते तसंच ठेवलंय.

यावरून मी एक सवय लावून घेतली आहे. चित्र भिंतीवर असतानाच फोटो काढायचा, आणि उतरवल्यावर मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलनं वर जाणारा बाण काढायचा. फोटोची एक प्रत भेटीबरोबर द्यायची. सही कोपऱ्यात असेलच असं धरून चालू नका. बरेच अमूर्त चित्रकार ती मागे करतात.

बाण चौकटीवर, कॅनव्हासवर नाही. ‘सप्रेम भेट’ असं कॅनव्हासच्या पाठीवर मार्करनं लिहिलेलं दिसलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. शाई झिरपून पुढे येऊ शकते. लिहायचंय ते कार्डावर लिहा.

चित्राशेजारी विकल्याची लाल टिकली लागली म्हणजे चित्र लगेच हातात मिळतं असं नाही. बहुतेक ठिकाणी प्रदर्शन संपेपर्यंत ते भिंतीवरच राहतं. भेट द्यायची तारीख त्याआधीची असेल तर बोलून घ्या.

कागदावरचं काम, विशेषतः जलरंग, थेट उन्हासमोर लावू नका, रंग उडतात.

चित्र विकत घेतलं म्हणजे त्याच्या प्रती छापायचा हक्क मिळाला असं नव्हे. तो वेगळा लिहून दिला नसेल तर साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो.

निवडीबद्दल मात्र थोडं बोलायलाच हवं. लोक दालनात शिरतात, मोबाइलवर सोफ्याचा फोटो काढतात आणि रंग जुळवायला लागतात. नाहीतर पाटीवरचं नाव वाचून ‘यात काय दाखवलंय?’ असं विचारतात. भारतीय चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत, म्हणजे कुठलीही वस्तू न दाखवणारी. रोलर आणि पॅलेट नाइफनं, म्हणजे रंगाच्या पातळ सुरीनं, रंग चढवत, काढत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. इतक्या सावकाश झालेलं काम तुम्ही अर्ध्या मिनिटात कसं पाहणार? मी सांगते, एका चित्रासमोर दहा मिनिटं उभे राहा. पाच पावलं मागे जा, मग पोत दिसेल इतकं जवळ या. दुसऱ्या दिवशी पुन्हा या. ज्याला भेट द्यायची त्याला शक्य असेल तर नुसतं प्रदर्शन पाहायला बरोबर आणा आणि तो कुठे रेंगाळतो ते बघा. माझ्या पाहण्यात अशा निवडी क्वचितच चुकल्या आहेत.

भेटीबरोबर एक पाकीट द्या. त्यात चित्रकाराच्या सहीचा कागद, त्यावर नाव, माध्यम, माप आणि साल, शिवाय तो भिंतीवरचा फोटो. हे पाकीट चित्राच्या मागे चिकटवू नका, हातात द्या.