पाळी गेली आणि उन्हाळी मागे लागली

मी सोलापुरात कडक भाकरीचा धंदा करते. ज्वारी-बाजरीच्या मिळून रोज दीडशे-पावणेदोनशे भाकरी. पहाटे ५ ला तापलेला तवा दुपारी २ ला उतरतो. पाणी प्यायचं तर पिठाचे हात धुवायचे, लघवीला जायचं तर गॅस बारीक करायचा, आणि परत येईपर्यंत तवा निवलेला. म्हणून दोन्ही टाळायचं, ही माझी २५ वर्षांची सवय. ऐन तारुण्यात शरीराने ती निमूट खपवून घेतली. ४८ व्या वर्षी पाळी गेली आणि ५१ नंतर सव्वा वर्षात चार वेळा उन्हाळी लागली, म्हणजे लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होऊन जळजळ.

आता मी ५३ ची आहे. गेल्या दहा महिन्यांत एकदाही लागलेली नाही. मधल्या काळात काय चुकलं आणि काय कामी आलं ते सांगते. आमच्याकडे भाकरी न्यायला येणाऱ्या बायका गिऱ्हाइकं कमी झाली की हळूच हेच विचारतात.

आधी चुका. पहिल्यांदा सासूबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी दिलं. बरं वाटलं, त्यात पोटात पाणी जातं हा फायदा आहेच, पण जंतू त्याने मरत नाहीत. दुसऱ्या वेळी मेडिकलवाल्याला लक्षणं सांगून गोळ्या आणल्या, तीन दिवस घेतल्या, जळजळ थांबली तशा उरलेल्या डब्यात ठेवल्या. तिसऱ्या वेळी त्याच उरलेल्या गोळ्या गिळल्या. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मला वाटलं, मीच अस्वच्छ आहे. बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओतायला लागले, वर सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ दिवसातून दोनदा. चौथ्या वेळी थंडी वाजून ताप भरला, उजव्या कुशीत पाठीकडे दुखायला लागलं, तेव्हा भाचीने रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. ती फार्मसी शिकते.

डॉक्टर मॅडमनी बादलीचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक घटतं आणि योनीमार्गाच्या नि लघवीच्या जागेच्या त्वचेचं तसंच होतं. पातळ, कोरडी, चिरणारी. त्या त्वचेत ग्लायकोजेन नावाची साखर असते, तिच्यावर लॅक्टोबॅसिलस जंतू जगतात. हे दह्याच्या विरजणातल्या जंतूंचेच भाऊबंद. ते तिथे आंबटपणा राखतात, आणि त्या आंबटात बाहेरचा जंतू टिकत नाही. साखर आटली की हे राखणदार जातात आणि शौचाच्या जागेवरचे ई. कोलाय नावाचे जंतू मोकळ्या घरात बिऱ्हाड करतात. तिथून मूत्राशय कितीसं लांब? बाईची मूत्रनळी जेमतेम ४ सेंटिमीटर. म्हणजे उरलेसुरले चार राखणदार होते, त्यांनाही मी रोज बादलीतल्या जंतुनाशकाने हाकलत होते.

तेव्हा पहिलं काम हे करा: जंतुनाशक, सुगंधी वॉश, पावडर सगळं बंद. बाहेरून नुसतं साधं पाणी. आत बोट घालून धुणं अजिबात नाही. शौचानंतर पुढून मागे धुवा. आपण हाताने पाणी घेतो, तेव्हा हात मागून नेला तर हे आपोआप होतं.

आता मुख्य गोष्ट. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

मॅडमनी मला एस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, क्रीम लिहून दिलं. तोंडाने घ्यायची गोळी नव्हे, योनीमार्गात लावायचं क्रीम. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वयात हे काय, असं मी म्हणालेसुद्धा. भाचीने घरी येऊन मोबाइलवर वाचून दाखवलं: १९९३ साली ९३ बायकांवर एक अभ्यास झाला होता, सगळ्या पाळी गेलेल्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या. ज्यांनी हे क्रीम लावलं त्यांना सरासरी दोन वर्षांत एकदा या हिशेबाने त्रास झाला, ज्यांना नुसतं बिनऔषधाचं क्रीम मिळालं त्यांना वर्षाला जवळजवळ सहा वेळा. म्हणजे ३० वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट, आणि मी बादलीत टोपणं ओतत बसले होते.

लावायची रीत अशी. ट्यूबबरोबर प्लॅस्टिकची नळी येते, तिच्यावर खूण असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेपर्यंत क्रीम भरायचं. रात्री निजायच्या वेळी, लघवी करून, हात धुऊन, आडवं पडून गुडघे दुमडायचे, नळी हलकेच आत सारायची आणि दट्ट्या दाबायचा. नंतर उठून हिंडायचं नाही, नाहीतर सगळं बाहेर येतं. नळी कोमट साबणपाण्याने धुऊन ठेवायची. पहिले दोन आठवडे मी रोज लावलं, नंतर आठवड्यातून दोनदा. दोन वार विसरायला होतात म्हणून मी उपासाला जोडले: सोमवार सिद्धेश्वराचा, गुरुवार दत्ताचा. सुनेला हे सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती.

आठ दिवसांत गुण मागू नका. मला पहिला फरक दीड महिन्याने जाणवला, पुरता तीन महिन्यांनी. माझ्या नणंदेने तीन आठवड्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून ट्यूब टाकून दिली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जळजळत आली. बरं वाटलं म्हणून थांबवलं तरी कोरडेपणा परत येतो.

खोक्यातला कागद वाचून मी घाबरले होते, त्यात कर्करोगाचं लिहिलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, इतक्या कमी मात्रेचं क्रीम रक्तात फारच थोडं उतरतं, गोळीची गोष्ट वेगळी. पण स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, क्रीम लावत असा वा नसा, आधी तपासणी. लघवीतून रक्त गेलं, जळजळ नसली तरीही, तेच.

पाणी. मी लिटरच्या दोन बाटल्या तव्याशेजारी ठेवते, दुपारी २ पर्यंत दोन्ही संपायला हव्यात. सोलापुरातल्या मे महिन्यात तिसरी. लघवीचा रंग फिका पिवळा हवा, चहासारखा दिसला की समजायचं कमी पडलं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल त्यांनी मात्र किती प्यायचं ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. लघवी दर तीन तासांनी, आली नसली तरी. तवा निवला तर निवू दे. बसल्यावर घाई नको. झालं की उभं राहायचं, परत बसायचं, थोडं पुढे वाकायचं. उरलेलं येतं. अंग (गर्भाशय) खाली आलेल्या बायकांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटत असेल तर ते तपासून घ्या, माझ्यासारखं लपवू नका. बद्धकोष्ठानेही मूत्राशय दाबलं जातं. आमच्याकडे भाकरी असल्याने तो प्रश्न कमी.

नवऱ्याजवळ गेल्यावर लघवी करून यायचं. कोरडेपणामुळे दुखत असेल तर सोसू नका, मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारं वंगण (जेल) मिळतं.

साखरेचा त्रास असेल तर ती आटोक्यात ठेवणं या यादीत वरचं. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, त्यांनी खालच्या जागी बुरशीची खाज सुटू शकते. खाज म्हणजे उन्हाळी नव्हे, औषध वेगळं.

एवढं करूनही लागलीच, तर गोळी गिळण्याआधी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी. हे नीट ऐका, कारण माझे दीड हजार रुपये इथे वाया गेले. लॅबची निर्जंतुक बाटली आणायची. हात आणि जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत धरायची, काठाला बोट लावायचं नाही. तासाभरात पोचवायची. जमत नसेल तर फ्रिजमध्ये. मी ती डब्यात घालून पिठाच्या गोळ्यांपासून लांबच्या कप्प्यात ठेवली, तरी सून दोन दिवस फ्रिज पुसत होती. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्यात औषधांच्या नावापुढे कोणतं चालेल, कोणतं नाही ते लिहिलेलं असतं. माझ्या डब्यातल्या गोळीपुढे ‘रेझिस्टंट’ असं होतं, म्हणजे जंतू तिला दाद देत नव्हता. तीन तीन दिवस खाऊन मी जंतूला तालीम दिली होती. मेडिकलमधलं जळजळीचं सिरप नुसतं आग शमवतं, आणि काही अँटिबायोटिक्सचा जोर त्याने कमीही होतो, म्हणून विचारून घ्या.

एकदा तर जळजळ होती आणि कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. नुसत्या कोरडेपणानेही अशीच आग होते, तिथे अँटिबायोटिकचं काम नाही. उलटंही घडलं: मला काहीच होत नसताना मी भीतीपोटी तपासणी केली, तर जंतू सापडले. मॅडमनी औषध दिलं नाही. लक्षणं नसली तर या वयात ते तसेच राहू द्यायचे म्हणाल्या. आता उगाच तपासत नाही.

क्रॅनबेरीचं म्हणाल तर वारंवार त्रास होणाऱ्या बायकांना थोडाफार उपयोग होतो, असं भाची सांगते. पण बाजारातल्या सरबतात साखरच जास्त. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला तर रोजच्या अँटिबायोटिकला ‘हो’ म्हणण्याआधी मेथेनामाइनबद्दल डॉक्टरांना विचारा, ते लघवीत जंतू वाढू न देणारं, पण अँटिबायोटिक नसलेलं औषध आहे. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, यातलं काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. म्हातारं माणूस एकाएकी बरळायला लागलं तरीही.

प्रवासाचं राहिलं. मुंबईत बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ (लघवीचा हक्क) म्हणून मोहीम चालवली, कारण पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांना पैसे. पण वाटेत सोय नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, हे मी सोडलंय. पुण्याला जाताना पिशवीत पाण्याची बाटली, कोरडा नॅपकिन, सुट्टे दहा रुपये, आणि सोमवार किंवा गुरुवार असेल तर ट्यूब.