गॅरेजमधील प्लास्टिकच्या टाइल्स सरकू नयेत म्हणून काय करावे

बंगल्याच्या शटर असलेल्या गॅरेजमध्ये, कोब्यावर एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल्स अंथरल्या की सुरुवातीला जमीन देखणी दिसते. पुढे मात्र कुठे फट पडते, कुठे फुगवटा येतो, तर कुठे अख्खी जमीनच मागच्या भिंतीला जाऊन टेकते. अशा वेळी सगळ्या टाइल्स सरसकट चिकटवून टाकाव्यात असे अनेकांना वाटते, आणि नेमका तोच उपाय पुढे सर्वांत महाग पडतो. या टाइल्स शटरच्या बाजूने पक्क्या धरून ठेवायच्या आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी मोकळ्या सोडायच्या असतात. पुढची सगळी कामे याच धोरणाने करावीत.

प्रथम टाइल्स कशा सरकतात ते पाहावे. फुगवटा भर दुपारी वर येत असेल आणि रात्री आपोआप खाली बसत असेल, तर टाइल्सना पसरायला जागा नाही असे समजावे. ठरावीक ठिकाणीच फट पडत असेल, तर तिथे खालच्या कोब्यात खळगा आहे किंवा एका टाइलच्या कडेची खुंटी शेजारच्या टाइलच्या खाचेत नीट बसलेली नाही. सगळी जमीन एकाच दिशेने सरकत असेल, तर कारण गाडीत आहे. गाडी आत येऊन ब्रेक लावते तेव्हा चाके टाइल्सना मागच्या भिंतीकडे रेटतात. बाहेर पडताना वेग घेते तेव्हाही चाकांचा जोर जमिनीवर उलट दिशेला, म्हणजे पुन्हा आतच लागतो. त्यामुळे रोजच्या ये-जा करण्यात टाइल्स थोड्या थोड्या आत जात राहतात. खात्रीसाठी कडेच्या टाइलपासून भिंतीपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजून भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे आणि आठवड्याने पुन्हा मोजावे.

टाइल्स नव्याने बसवायच्या असतील तर जुन्या उचलून कोबा आधी झाडून आणि मग धुऊन पूर्ण वाळवावा. खाली राहिलेली बारीक वाळू गोट्यांसारखी काम करते आणि टाइल्स तिच्यावरून घसरतात. तेलाचे डाग साबणाच्या पाण्याने घासून काढावेत. नंतर दोन मीटरची सरळ पट्टी निरनिराळ्या दिशांनी टेकवून पाहावी; पट्टीखाली चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसली तर तो खळगा दुरुस्तीच्या मसाल्याने भरून घ्यावा. पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार मात्र बुजवू नये. फोमसारखे मऊ अस्तर खाली अंथरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण चाकाखाली अस्तर दबते, सांधा वाकतो आणि अडकण निसटते.

टाइल्स गॅरेजमध्ये आणून दिवसभर तशाच ठेवाव्यात, म्हणजे त्या तिथल्या तापमानाला येतील. शटरला समांतर दोरी ताणून तिच्याशी काटकोन साधावा. त्यासाठी गवंड्यांची तीन-चार-पाचची रीत पुरेशी आहे: कोपऱ्यापासून एका रेषेवर तीन फूट आणि दुसऱ्या रेषेवर चार फूट मोजून खुणा केल्या आणि त्या दोन खुणांमधले अंतर पाच फूट आले, तर कोन बरोबर आहे. पहिली ओळ शटरपाशी बसवून आत सरकत जावे आणि प्रत्येक सांध्यावर रबरी हातोड्याने ठोकावे. जुनी टाइल पुन्हा वापरताना तिच्या खुंट्या उजेडात धरून बघाव्यात. ज्या खुंटीच्या मुळाशी प्लास्टिक पांढुरके पडले आहे, ती वाकून कमजोर झालेली असते. अशी टाइल चाकांच्या वाटेत न लावता कापून कडेला वापरावी.

आता मोकळ्या जागेविषयी, कारण बहुतेक जण इथेच कंजुषी करतात. कडक टाइल्स ज्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, ते दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण 0.1 मिलिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक वाढते. सहा मीटर लांबीच्या गॅरेजमध्ये तापमान 30 अंशांनी चढले तर टाइल्स सुमारे 18 मिलिमीटर पसरतात, तर तेवढाच काँक्रीटचा कोबा जेमतेम दोन मिलिमीटर. शटरची कड धरून ठेवायची असल्याने ही सगळी वाढ मागच्या भिंतीकडे जाणार; म्हणून थंडीत काम करत असाल तर तिथे 20 ते 25 मिलिमीटर जागा सोडावी, आणि ऐन मे महिन्याच्या दुपारी करत असाल तर त्याहून कमी चालेल. दोन्ही बाजूंच्या भिंतींपाशी 10 ते 12 मिलिमीटर पुरते. ही फट स्कर्टिंगने झाकता येते, पण स्कर्टिंग भिंतीलाच ठोकावे आणि त्याचा दाब टाइलवर येऊ देऊ नये. जड कपाट टाइल्सवर ठेवले तर तेही खिळ्यासारखे रुतून बसते. म्हणून कपाटापुरती जागा कोरी सोडून टाइल्स त्याच्या पुढेच थांबवाव्यात.

शटरच्या आत लगेच उतरती कडपट्टी लावावी आणि फक्त तीच जमिनीला जखडावी. कोरड्या, स्वच्छ काँक्रीटवर पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याचे ठिपके चालतात; जिथे गाडी रोज लागते तिथे प्लग ठोकून स्क्रू लावणे मला अधिक भरवशाचे वाटते. चिकटवल्यावर डबीवर लिहिलेल्या वेळेआधी गाडी आत घेऊ नये. बंद शटरचा दांडा कडपट्टीवर टेकत नाही ना, तेही पाहावे.

चाकांचे अडथळे, म्हणजे गाडी ठरावीक जागी थांबवणारे ठोकळे, टाइल्सवर नुसते ठेवले तर गाडीचा धक्का थेट टाइल्सना बसतो. अडथळा लावायचाच असेल तर टाइलला बोल्टपेक्षा बरेच मोठे भोक पाडून, बोल्ट थेट काँक्रीटमध्ये बसवावा आणि अडथळ्याखाली वायसर देऊन तो टाइलला दाबणार नाही इतका वर ठेवावा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवण्याची सवय सोडावी, कारण एकाच जागी पिळले जाणारे चाक सांध्यांना सर्वांत जास्त त्रास देते. जॅक लावताना त्याखाली फूटभर चौरस, 18 मिलिमीटर जाडीचा प्लायवूड ठेवावा. पहिला उन्हाळा येईल तेव्हा भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणांशी अंतर ताडून पाहावे, आणि मागची फट मिटत आलेली दिसली तर शेवटची ओळ काढून तिची कड दहा मिलिमीटर कापावी.